बिनवजनाचं कडं

काका माणसाला आधी चोर समजत आणि मग चहा विचारत. चहाला नाही म्हटलं तर संशय आणखी वाढे. ज्याला चहा नको, त्याला दुसरंच काहीतरी हवं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

सांता क्लारामधल्या त्यांच्या घराची मागची खोली मी भाड्यानं घेतली, तेव्हा मी नागपूरहून नुकतीच आलेली, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. मला वाटायचं, संशय घेण्यात आपला हात कुणी धरणार नाही. काकांपुढे मी बिगरीतली ठरले.

खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला किचनच्या टेबलाशी बसवलं आणि म्हणाले, "डोळे मिट. हात पुढे कर."

अनोळखी घर, पडदे ओढलेले, समोर सत्तरीचा उंच, वाळका, करड्या स्वेटरमधला माणूस. मी डोळे अर्धेच मिटले आणि दुसऱ्या हातात फोन घट्ट धरून ठेवला. काकांनी माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. मला काहीच जाणवलं नाही. कागद ठेवला असेल म्हणून डोळे उघडले, तर हातात एक रुंद कडं होतं. पांढुरकं, किंचित निळसर झाक असलेलं, त्यावर कोरलेली वेल आणि वेलीवर बसवलेली इवलीशी सोन्याची फुलं.

"कसं आहे?"

"नाटकातलं आहे का?" मी विचारलं. "खोटं वाटतंय."

काका खूश झाले. "तुझ्या आधी दोघी आल्या होत्या. दोघी म्हणाल्या, वॉव, किती सुंदर. त्यांना खोली हवी होती. तू तुला वाटलं ते बोललीस. एक तारखेला ये."

एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी माझ्या आईला नागपूरला फोन लावला आणि आमच्या फाटकाचा रंग विचारला. मग तोच प्रश्न मला विचारला. मी हिरवा म्हटलं, आई निळा म्हणाली होती, कारण दिवाळीला रंग बदलला होता. त्यावरून दोन दिवस माझी खोली अडली. आईचा मला वेगळा फोन आला. "हा माणूस चौकशी करून राहिला की आपल्याकडे चोरी करायची तयारी करून राहिला? फाटकाशी काय घेणं आहे त्याला?"

आईचं चुकत नव्हतं. राहायला गेल्यावर मलाही काकांचं काही ठीक दिसेना. पडदे दिवसाही ओढलेले. दर आठवड्याला छोटी पार्सलं यायची, ती ते माझ्यासमोर उघडत नसत. गॅरेजमध्ये गाडी नव्हतीच. तिथं एक लांब टेबल, त्यावर भिंग, नाजूक काटा, पाण्यानं भरलेले ग्लास आणि दोरे. मराठी मंडळाच्या एका काकूंनी मला समोशाच्या रांगेत हळूच विचारलं, "तू त्यांच्याकडे राहतेस? दागिने रूममध्ये ठेवू नकोस हं." का, ते त्यांनी सांगितलं नाही. अशा गोष्टी सांगायच्या नसतात, फक्त पेरायच्या असतात.

मंडळातल्या लोकांचाही दोष नव्हता. काकांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक लोहचुंबक असे आणि काका ते कुठंही चिकटवून बघत. मंडळाला कुणीतरी पितळेची समई भेट दिली, तर टाळ्या चालू असतानाच काका स्टेजवर गेले आणि समईला चुंबक लावलं. ते चिकटलं. आत लोखंड, वरून मुलामा. देणारे गृहस्थ लाल झाले, आरती थांबली आणि काका शांतपणे खाली येऊन म्हणाले, "शहानिशा केलेली बरी." हा त्यांचा शब्द. दूध आणलं, शहानिशा. केशर आणलं, शहानिशा. आंब्याच्या पेटीतला खालचा थर वर काढून, वरचा खाली घालून ते दुकानदाराच्या तोंडाकडे बघत बसत. तो बिचारा घाबरून पेटीच बदलून देई.

काका एका मोठ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत धातू तपासायचं काम करून निवृत्त झाले होते. पण त्यांचं प्रेम एकाच धातूवर, तेही त्याच्या बालपणावर. ॲल्युमिनियम. गॅरेजमध्ये त्यांनी जमवलेलं ते सगळं होतं: एक ब्रोच, शर्टाची बटणं, नाटक बघायची छोटी दुर्बीण, एक पदक. सगळं एकोणिसाव्या शतकातलं आणि उचललं तर हातात काही आलंय असंच वाटू नये इतकं हलकं.

"तुला ॲल्युमिनियम म्हणजे कुकर आठवतो," ते मला म्हणाले. "पण एक काळ असा होता, की हा धातू सोन्याच्या पंगतीला बसत होता. मातीतून तो वेगळा काढायचा म्हणजे जिवावर यायचं. पॅरिसचे सोनार त्याच्यावर नक्षी करायचे आणि त्याला सोन्याची फुलं जडवायचे. सोनं नटवायला आणि ॲल्युमिनियम मिरवायला! म्हणतात, तिथला बादशहा खाशा पाहुण्यांना ॲल्युमिनियमचे चमचे द्यायचा आणि बाकीच्यांना सोन्याचे."

"खरं?"

"म्हणतात, असं म्हटलं मी. मी कुठं बघायला होतो?" स्वतःच्या गोष्टीवरही त्यांचा पुरता भरवसा नव्हता. "मग विजेनं तो स्वस्तात काढता यायला लागला आणि चार-दोन वर्षांत सगळं गडगडलं. ज्या बायका कालपर्यंत हे मिरवत होत्या, त्यांना आज लाज वाटायला लागली. वितळवलं, फेकलं, मुलांना खेळायला दिलं. म्हणून आता सापडत नाही. आणि सापडलं तरी आपले लोक ओळखत नाहीत. आपल्याला जड ते खरं वाटतं."

ते कडं त्यांना सॅन होजेमध्ये एका घरात मिळालं होतं. कुणी वारलं की घरातलं सामान अंगणात मांडून विकतात, तसलं ते घर. नकली दागिन्यांच्या ढिगात ते पडलं होतं. काकांनी ते आणून आपल्या बायकोला, काकूंना दिलं.

काकू मी येण्यापूर्वीच गेल्या होत्या. हॉलमधल्या फोटोत त्या हसत होत्या आणि मनगटावर ते कडं होतं. अंगावर दुसरं काही नाही, मंगळसूत्राचे काळे मणी सोडले तर. सोनं का नाही, ते मला त्यांच्या मुलीनं सांगितलं.

शलाका इथंच जन्मली, वाढली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. बापाचं नाक आणि बापाची नजर. ती म्हणाली, "यू नो व्हॉट ही डिड ॲट देअर वेडिंग?" सांगलीत, भर मांडवात, सासऱ्यांनी लेकीच्या हातात घातलेल्या पाटल्या काकांनी कसोटीवर घासून बघितल्या होत्या. सोनं कमी कसाचं निघालं. ते त्यांनी सांगितलंही, मोठ्यानं, कारण खरं होतं ते. सासरे शाळामास्तर होते. त्यांनाच सोनारानं फसवलेलं होतं. ते पंगतीत जेवायला बसलेच नाहीत. काकूंनी त्याच रात्री पाटल्या उतरवल्या आणि पुन्हा जन्मात सोनं घातलं नाही. हे कडं आणलं तेव्हा त्यांनी काकांना एवढंच विचारलं, "हे तपासलंस?" काका म्हणाले, "फुलांचं सोनं नाही तपासलं." काकूंनी हात पुढे केला. मंडळाच्या बायका मागून 'इमिटेशन' म्हणत आणि काकू ते ऐकून हसत, असं शलाका म्हणाली. "इट वॉज द ओन्ली थिंग ही एव्हर गेव्ह हर विदाउट अ रिपोर्ट."

तर शलाकाचं लग्न ठरलं. मुलगा डॅनियल, एका शाळेत संगीत शिकवणारा, ढगळ कोट घालणारा, सारखा हसणारा. काकांना त्याच्या हसण्याचाच संशय. "एवढं हसण्यासारखं जगात काय आहे?" त्याला पहिल्यांदा घरी बोलावलं तेव्हा काकांनी त्याच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मी समोर होते. डॅनियलनं एक घोट घेतला, डोळे जरा मोठे झाले, मग सगळा कप संपवला आणि म्हणाला, "व्हेरी इंटरेस्टिंग टी, काका. थँक यू."

तो गेल्यावर काका विजयानं म्हणाले, "पाहिलंस? तोंडावर खोटं बोलतो."

शलाकानं कप उचलून तळाशी राहिलेला थेंब चाखला. ती ओरडली नाही, ते मला जास्त भीतीदायक वाटलं. "दॅट्स कॉल्ड मॅनर्स, बाबा. तू आईच्या बाबांना जे केलंस, ते मी डॅनला करू देणार नाही. वन मोर टेस्ट, एकदा जरी त्याच्यावर डाउट घेतलास, तर आम्ही सिटी हॉलमध्ये जाऊन लग्न करू. तुझ्याशिवाय. आय मीन इट."

काकांनी किल्ल्यांच्या जुडग्यातलं चुंबक काढून टेबलाच्या खणात टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. मग हळू आवाजात म्हणाले, "आईचं कडं तुला द्यायचंय. लग्नात घालशील?"

"ऑफ कोर्स," शलाका म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिनं हातातला कप खाली ठेवला.

लग्नासाठी काकांची थोरली बहीण सांगलीहून आली. तिला शलाका आत्या म्हणायची, म्हणून मीही. आत्यांनी नवरीमुलीला भेट म्हणून काशीहून घेतलेली, घट्ट केलेल्या पाऱ्याची पिंडी आणली होती, मुठीएवढी, जड, करडी. काकांनी ती एकदा हातात घेतली आणि सवयीनं बोलून गेले, "शिसं आहे हे, ताई. यात्रेकरूंना गंडवतात. पाऱ्याचं म्हणून शिसं विकतात."

आत्यांचा चेहरा पडला. त्यांनी पिंडी काढून घेतली, पदरानं पुसली आणि किचनच्या कपाटातल्या देवघरात ठेवली. "तू लहानपणी आईच्या दुधातही पाणी शोधायचास," एवढंच म्हणाल्या. काकांशी बोलणं बंद झालं. लग्न शनिवारी होतं आणि हे सोमवारचं.

बुधवारी शलाका आणि डॅनियल जेवायला आले. काकांनी कडं आणून डॅनियलच्या हातात दिलं. त्यानं ते खिडकीशी नेऊन उजेडात फिरवलं, कानाशी नेऊन टिचकी मारली, आवाज ऐकला. पॅरिस, बादशहा, चमचे, सगळं त्यानं ऐकून घेतलं. काका बोलत होते, पण डोळे त्याच्या हातांवर होते. मी काकांकडे बघत होते, आणि शलाका आम्हा सगळ्यांकडे. तोंडानं पुरणपोळी चालली होती.

ते गेल्यावर काका झोपायला गेले. मी भांडी लावत होते, तर आत्या सिंकपाशी ते कडं रांगोळीची पूड आणि लिंबू घेऊन घासताना दिसल्या. आपल्याकडे चांदी अशीच घासतात.

"आत्या, ती चांदी नाहीये."

"चांदी नाही तर काय, ॲल्युमिनियम?" आत्या स्वतःच्याच विनोदावर हसल्या.

"ॲल्युमिनियमच आहे."

"जा गं! एकुलत्या एक लेकीला कुणी ॲल्युमिनियम घालतं का?" त्यांनी कडं लख्ख केलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि देवघरात ठेवलं. देवापुढे ठेवल्याशिवाय दागिना मुलीच्या अंगावर घालायचा नाही, ही त्यांची रीत. कडं घरंगळू नये म्हणून त्यांनी ते पिंडीला टेकवलं आणि दोन्हींवर पळीभर पाणी घातलं.

सकाळी मी कॉफी करायला आले, तर काका देवघरापुढे उभे होते. कड्याला पांढरी लव फुटली होती. बुरशी धरावी तसे बारीक, मऊ केस, वेलीच्या नक्षीतून वर आलेले. काकांनी बोट लावलं तर केस गळून त्यांची राख झाली आणि खाली धातू खाल्ल्यासारखा खड्डा.

"हे माझं कडं नाही," काका म्हणाले. "ॲल्युमिनियम असं करत नाही. दीडशे वर्षं त्याला काही झालं नाही. हे बदललंय."

आत्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी बोलणं बंद असल्याचं विसरून सांगितलं, "काल तो बसला होता ना खिडकीशी, हातात घेऊन. केवढाले खिसे त्याच्या कोटाला!" आणि परडी घेऊन बागेत फुलं काढायला निघून गेल्या.

काकांनी फोन हातात घेतला. मी खोटं कशाला सांगू, माझ्याही डोळ्यांपुढे तो कोट आला होता. काकांनी शलाकाचा नंबर काढला, अंगठा वर धरला आणि तसेच उभे राहिले. एकदा दाबलं की परत घेता येणार नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं.

आमच्या कामात एक साधी पद्धत आहे. काल चालत होतं ते आज बिघडलं, तर माणसाला धरायचं नाही, आधी मधे काय बदललं ते बघायचं. मी वाकून बघितलं. कड्याची जी बाजू पिंडीला टेकली होती, तिकडे लव सगळ्यात दाट. आणि त्याच बाजूची सोन्याची फुलं पांढरी पडली होती, चांदीसारखी. दुसऱ्या बाजूची पिवळीच होती.

"काका, सोनं पांढरं कशानं होतं?"

त्यांनी फोन खाली ठेवला. भिंगसुद्धा आणलं नाही. नुसतं बघितलं आणि खुर्ची ओढून बसले.

"पाऱ्यानं," ते म्हणाले. "पारा ॲल्युमिनियमलाही असंच खातो. वरचा थर घासून काढला असेल तर रात्रभरात. हे शाळेतलं पोरही सांगेल. मला सुचलं नाही, कारण मी ते शिसं ठरवून मोकळा झालो होतो." मग थोड्या वेळानं, "ताईची पिंडी खरी आहे."

मी त्यांना रात्रीची रांगोळी, लिंबू आणि पळीभर पाणी सांगितलं. "आत्यांना सांगणार?"

"काय सांगू? तू घासलंस आणि तुझ्या देवानं वहिनीचं कडं खाल्लं? लग्नाच्या तोंडावर? मरेपर्यंत अपशकुन म्हणून उराशी धरून बसेल ती."

तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं. शलाका कडं न्यायला आली होती, बरोबर डॅनियल. आत्या परडी घेऊन मागच्या दारानं आत, हे दोघं पुढच्या दारानं, आणि कुणी काही बोलायच्या आत आत्यांनी बोट दाखवलं, "विचार त्याला, कड्याला काय केलं ते!"

शलाकानं कडं बघितलं. आईचं ते एकच राहिलेलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण ती काकांकडे वळली. "बाबा. आय वॉर्न्ड यू. नो मोर डाउट्स."

डॅनियलला मराठी कळत नव्हती, बोट कळलं. तो पुढे आला. "वॉज इट मी? आय हॅड सॅनिटायझर ऑन माय हँड्स. ओ गॉड. काका, आय ॲम सो सॉरी."

काका त्याच्याकडे बघत राहिले. आयुष्यभर गुन्हेगार शोधणाऱ्या माणसासमोर गुन्हेगार आपण होऊन हात जोडून उभा होता, आणि तो निर्दोष होता.

"नो," काका म्हणाले. "नॉट यू. मी केलं. काल रात्री चमकवायला गेलो, चुकीचं घासलं. माय मिस्टेक." मग आत्यांकडे वळले. "ताई, तुझीही माफी मागायची आहे. तुझी पिंडी शिसं नाही. अस्सल पारा आहे. मी बघितलं."

आत्यांचं बोट खाली आलं. "खरं सांगतोस?"

"खरं. पण अस्सल म्हणून जपायची. हात लावायचा नाही, पाणी घालायचं नाही, काचेच्या पेटीत बंद ठेवायची. पारा विषारी असतो."

"ठेवते, काचेत ठेवते," म्हणत आत्या मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. "मी म्हटलं नव्हतं? मी म्हटलंच होतं." कडं, कोट, खिसे, सगळं त्या विसरून गेल्या. मलाही रडू आलं, का ते तेव्हा कळलं नाही.

शलाका मात्र रडत नव्हती. तिनं सिंककडे बघितलं, कट्ट्यावर लिंबाची साल होती. आत्यांच्या बोटांकडे बघितलं, नखांत पांढरी पूड होती. मग काकांकडे. ह्या माणसानं जुनी वस्तू जन्मात कधी चमकवली नव्हती. चमकवली की तिचं जुनेपण मरतं, असं तोच सांगत आला होता.

"तू घासलंस?"

"हो."

"कशानं?"

"रांगोळीनं."

"रांगोळी आपल्याकडे कुठं असते, बाबा?"

काकांनी डावीकडच्या कपाटाकडे बघितलं, मग उजवीकडच्या, मग माझ्याकडे. मी छताकडे बघायला लागले.

शलाका मराठीत म्हणाली, अगदी हळू, "बाबा, तुला खोटं बोलता येत नाही."

"पहिलीच वेळ आहे," काका म्हणाले.

तिनं त्यांच्या स्वेटरची बाही मुठीत धरली आणि कपाळ त्यांच्या दंडावर टेकवलं. मग मान वर करून डॅनियलला म्हणाली, "बाबानं केलं. ही सेज ही डिड इट." आणि काकांना, "शनिवार, दहा वाजता. हा स्वेटर नको. सूट घाल. तू माझ्या शेजारी उभं राहायचंस."

ती दोघं निघाली, तेव्हा काका दारापर्यंत पोचवायला गेले. डॅनियलच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला, ढगळ कोटावरून, आणि खिशाकडे बघितलंही नाही. गाडी वळून गेल्यावर ते किचनमध्ये आले, आत्या ऐकत नाहीत ना ते बघितलं आणि माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "कुठं असते गं रांगोळी?"

"डावीकडच्या कपाटात, काका. पोह्यांच्या डब्यामागे."

त्यांनी दार उघडून डबा सरकवून स्वतः बघितलं, मान हलवली आणि दार लावलं. "लक्षात ठेवतो," म्हणाले. "परत कुणी विचारलं तर."